निम्मी जागा

संगणक सुरू होताना काही सेकंद पडद्यावर एक यादी येऊन थांबते आणि आपण काहीच केले नाही तर आपली आपण पुढे सरकते. मराठीच्या अध्यापकाने तिच्याकडे लक्ष द्यावे असे तीत काही नसते. मीही कधी दिले नव्हते. आता मात्र पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करायची वेळ आली की मी ती यादी थांबवते, तिच्यामागची लांबलचक सूचना-ओळ उघडते आणि ओळीच्या शेवटी काय लिहिले आहे ते वाचते. त्या जागी लिहायच्या एका आकड्यामुळे माझ्या हातून एका माणसाचे सहा तासांचे बोलणे गेले. आकडा चुकला म्हणून गेले, असे मी बराच काळ सांगत असे. ते पुरते खरे नव्हते, एवढे कबूल करण्यासाठी हे टिपण.

२०२० च्या एप्रिल महिन्यात, टाळेबंदी लागून तीन-चार आठवडे झाले असताना, माझ्या लॅपटॉपची हार्ड डिस्क बंद पडली. दुकाने बंद होती, दुरुस्ती करणारा घरी येणे शक्य नव्हते, आणि महाविद्यालयाच्या तासिका तर त्याच यंत्रावरून घ्यायच्या होत्या. भाच्याने पूर्वी कधीतरी हौसेने दिलेला एक पेन ड्राइव्ह खणात पडून होता. त्यावर डेबियन या मुक्त संगणकप्रणालीची 'लाइव्ह' आवृत्ती होती. फोनवरून तो सांगत गेला, मी कळा दाबत गेले, आणि दहा मिनिटांत मेलेल्या डिस्कच्या यंत्रावर पडदा उजळला, माउस हलू लागला, इंटरनेट जोडले गेले. मला तो चमत्कारच वाटला.

"आत्या, एक लक्षात ठेव," भाचा म्हणाला, "हे सगळं रॅममध्ये चाललंय. बंद केलंस की पाटी कोरी."

मी हो म्हटले. जे ऐकले ते आपल्याला कळले, असे आपण समजतो. तसे मीही समजले.

ही लाइव्ह प्रणाली मुळात काय करते, ते साहित्याच्या वाचकाला सांगण्यासारखे आहे, कारण तिची रचना आपल्या ओळखीची आहे. पेन ड्राइव्हवर संपूर्ण प्रणाली एका दाबून बांधलेल्या गठ्ठ्यात असते. तो गठ्ठा केवळ वाचण्यासाठी. त्यात एक अक्षरही बदलता येत नाही. पण चालू संगणकाला तर सतत काही ना काही लिहायचे असते: नोंदी, तात्पुरत्या फाइली, आपली कागदपत्रे. म्हणून या अचल थरावर दुसरा एक थर पसरलेला असतो. तो डिस्कवर नसतो, संगणकाच्या स्मृतीत म्हणजे रॅममध्ये असतो. आपल्याला दोन्ही थर एकजीव दिसतात. खालच्या थरातली फाइल आपण नुसती वाचली तर ती खालूनच येते. तिच्यात एका अक्षराची दुरुस्ती केली तर आधी ती अख्खी फाइल उचलून वरच्या थरात नकलली जाते आणि दुरुस्ती त्या नकलेवर होते. खालची फाइल पुसली तर ती प्रत्यक्षात पुसली जात नाही. वरच्या थरात 'ही नाही असे समजावे' अशी एक खूण बसते आणि तेवढ्याने ती आपल्या नजरेआड होते. मूळ संहिता, तिच्यावरचे शोधन, गाळलेल्या जागी संपादकाची खूण: पाठचिकित्सा शिकवणाऱ्याला यात परके असे काहीच नाही.

ही कल्पना तशी नवी नाही. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली नॉपिक्स नावाची प्रणाली प्रसिद्ध केली, तेव्हा ७०० एमबीच्या सीडीवर दोनेक जीबीचा ऐवज दाबून बसवला होता. ती सीडी घालावी आणि कोणत्याही संगणकावर काम सुरू करावे. २००५ च्या सुमारास त्यात थर एकत्र दाखवण्याची युक्ती आली. पुढे २०१४ साली 'ओव्हरले' या नावाने ती लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाली. रॅममध्ये फाइली ठेवणाऱ्या वरच्या थराला 'टीएमपीएफएस' असे रुक्ष नाव आहे. मला रस आहे तो त्याच्या आकारात. तो किती मोठा असावा हे कोणी तरी ठरवावे लागते. आणि आपण काहीच सांगितले नाही तर तो उपलब्ध रॅमच्या निम्मा धरला जातो. सुरुवातीच्या सूचना-ओळीच्या शेवटी 'ओव्हरले-साइझ' हा शब्द, बरोबरीचे चिन्ह आणि आपल्याला हवी ती टक्केवारी किंवा जीबी लिहिले, की तो बदलतो. काही प्रणाली याहून कंजूष असतात. आर्च लिनक्सच्या स्थापनेच्या आवृत्तीत हा थर ठरावीक २५६ एमबीचा असतो, कारण तिथे कोणी वस्ती करावी अशी अपेक्षाच नसते. 'टेल्स' नावाची आणखी एक प्रणाली तर विसरणे हाच आपला धर्म मानते. बंद होताना ती स्मृती पुसून टाकते, कारण तिच्या वापरकर्त्याला मागे माग ठेवायचा नसतो.

निम्मी का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. माझ्या लॅपटॉपला ४ जीबी रॅम होती. तिचा काही भाग यंत्र स्वतःकडेच ठेवते. म्हणजे वरच्या थराच्या वाट्याला १.९ जीबीच्या आसपास.

आता सरांविषयी. एम.ए.ला त्यांनी आम्हाला प्राचीन मराठी वाङ्मय शिकवले. त्यांनी स्वतः फार लिहिले नाही. जे होते ते वर्गात बोलण्यात. पाठभेदांवर बोलताना ते एका ओवीपाशी तासभर थांबत. निवृत्तीनंतर ते गावी राहू लागले आणि त्यांच्याशी निवांत बोलायचे पुढे पुढे ढकलले जात राहिले. टाळेबंदीत ती सबब उरली नाही. मी त्यांना फोन करू लागले. तिसऱ्या दिवशी त्यांची परवानगी घेऊन फोनमधल्याच सोयीने संभाषण ध्वनिमुद्रित केले. अशी सहा संभाषणे झाली, प्रत्येक सुमारे एक तासाचे. फोनची साठवण भरली होती, म्हणून प्रत्येक मुद्रण मी केबलने लॅपटॉपवर उतरवून घेई आणि फोनवरून पुसून टाकी. लॅपटॉपवर फाइल दिसत असे, उघडत असे, वाजत असे. मी लॅपटॉप बंद करीत नसे. झाकण मिटून ठेवी. झाकण मिटले तरी रॅमला वीज मिळत राहते, म्हणून सकाळी सगळे जागच्या जागी असे. भाच्याचा इशारा मी अक्षरशः पाळत होते. दुकाने उघडली की बाहेरची डिस्क आणू, रोजचा डेटा तासिकांतून उरला की फाइली ई-मेलने पाठवून ठेवू, असे मनाशी ठरवले होते. त्यांतले काहीही त्या दिवसांत झाले नाही.

हिशेब पुढे केव्हातरी मांडला. तासाभराचे एक मुद्रण ५५ ते ६० एमबीचे. सहा मिळून साडेतीनशे. याखेरीज सरांच्या वर्गात मी काढलेल्या टिपणवह्यांची पाने फोनने टिपून लॅपटॉपवर घेतली होती, सरांच्या बोलण्याशी ताडून पाहावीत म्हणून. तीनशे छायाचित्रे, प्रत्येकी सुमारे ४ एमबी. ही १२०० एमबी झाली. एकूण साडेपंधराशे. मग एका सकाळी बोलणे उतरवून काढण्यासाठी ते संथ करून ऐकावे म्हणून पहिले मुद्रण ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडले. असा प्रोग्राम दाबून लहान केलेला आवाज पुन्हा पूर्ण उलगडून घेतो; साठ एमबीचे मुद्रण उलगडल्यावर सहाशेच्या वर जाते, आणि ते उलगडलेले रूप तात्पुरती फाइल म्हणून वरच्या थरातच उतरते. पडद्यावर वाक्य आले: जागा शिल्लक नाही.

मी भाच्याला फोन केला. त्याने विचारले की आत काय काय आहे. मी सांगितले. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चालू असतानाही तो आकार वाढवता येतो. पण आधी फाइली बाहेर काढ." बाहेर म्हणजे कुठे, हा प्रश्न होता. त्याने सुचवले की वह्यांची छायाचित्रे पुसावीत, वह्या तर घरातच आहेत. मला ते पटले नाही; तीनशे पाने टिपायला दोन दिवस गेले होते. अखेर त्याने आज्ञा सांगितली आणि मी ती लिहिली. किती टक्के, असे त्याने विचारले नव्हते. त्याने साठ सांगितले होते. मी नव्वद लिहिले.

आज्ञा लगेच मानली गेली. जागा एकदम साडेतीन जीबीच्या जवळ गेली आणि मला फार हायसे वाटले. मी पहिले मुद्रण उघडले, मग ताडून पाहण्यासाठी दुसरेही उघडले. ब्राउझर चालूच होता, अर्ध्या तासाने तासिका होती. आधी माउस अडखळू लागला. मग घड्याळाचा काटा थांबला. पडदा दिसत होता, पण त्यावर काही हलत नव्हते. मी वीस मिनिटे वाट पाहिली. नंतर वीजेचे बटण दाबून धरले.

तात्पर्य नंतर कळले, आणि ते इतके साधे आहे की सांगायला संकोच वाटतो. वरच्या थराचा आकार वाढवणे म्हणजे संगणकाला नवी जागा देणे नव्हे. जागा एकच आहे. ज्या रॅममध्ये तो फाइली ठेवतो, त्याच रॅममध्ये तो विचारही करतो. ब्राउझर, संपादक, खुद्द पडदा, सगळे तिथेच. आकार म्हणजे केवळ मर्यादा. भरेपर्यंत ती कोणाचे काही घेत नाही, म्हणून मोठा आकडा लिहिताना काहीच दुखत नाही. पण ती खरोखर भरत गेली की विचारासाठी उरलेली जागा आटत जाते. स्मृती पार संपू लागली तर प्रणाली चालू प्रोग्राम मारून जागा मोकळी करू पाहते. पण वरच्या थरातल्या फाइली ती टाकून देऊ शकत नाही, कारण त्या आपण ठेवायला सांगितलेल्या असतात. डिस्कवर जादा स्मृतीसाठी राखीव जागा असती तर काही भाग तिकडे सरकवता आला असता. माझी डिस्क मेली होती. लिनक्सच्या दस्तऐवजातच इशारा आहे की हा आकार अवाजवी ठेवला तर यंत्र जागच्या जागी गोठेल. निम्मी जागा हा त्या अज्ञात रचनाकाराचा कृपणपणा नव्हता. निम्मे आठवण्यासाठी, निम्मे काम करण्यासाठी, एवढा सावध अंदाज होता.

हे कळल्यावर मला वर्ग आठवला. परीक्षेच्या आदल्या आठवड्यातले विद्यार्थी आपण सगळ्यांनी पाहिले आहेत: सगळे पाठ असते, आणि एक साधा प्रश्न विचारला तर चेहरा त्या पडद्यासारखा होतो. सर म्हणत असत की पाठांतराला नावे ठेवू नका, पण पाठ केलेल्याशी बोलायला डोक्यात जागा ठेवा. हे त्यांचेच वाक्य आहे याची मला खात्री आहे. किंवा होती, त्याकडे येतेच.

सगळ्यात लागते ते एकच. वह्यांची छायाचित्रे पुन्हा काढता येत होती. वह्या समोरच्या फडताळात होत्या आणि आजही आहेत. सरांचे बोलणे पुन्हा मिळणार नव्हते. जे पुन्हा मिळवता आले असते त्याने जागा अडवली आणि जे मिळणार नव्हते ते त्याच्यासोबत बुडाले. फोनवरून पुसलेली मुद्रणे परत मिळवण्याचा प्रयत्नही करून पाहिला. काही हाती आले नाही.

सरांना हे कसे सांगावे ते कळेना. मी फोन करणेच थांबवले. पाच-सहा महिने गेले. डिसेंबरमध्ये त्यांनीच फोन केला आणि विचारले, "काय झालं गं, बोलणं संपलं का आपलं?" मग मी सगळे सांगितले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी लीळाचरित्राची आठवण दिली. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली मूळ प्रत धाडीत हरवली आणि ज्यांना ती पाठ होती त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, असे महानुभाव परंपरा सांगते. स्मरणे वेगवेगळी, म्हणून पाठही वेगवेगळे; आणि ज्याच्या स्मरणातून पाठ आला त्याचे नाव त्याला चिकटून राहिले. "त्यांनी भेद लपवले नाहीत," सर म्हणाले. "तू आठवून लिही. मला पाठव. मी चुका दाखवतो."

मी लिहू लागले. तेव्हा प्रथम जाणवले की माझ्याकडेही दोन थर आहेत. वर्गात वीस वर्षांपूर्वी ऐकलेले सर, तळाशी, वह्यांत गोठलेले. आणि त्यांच्यावर या उन्हाळ्यातले सर, ज्यांची मते काही ठिकाणी बदललेली होती. आठवताना दोन्ही एकजीव होऊन येत. एखादे मत त्यांनी आता सोडले आहे हे मला माहीत असे, पण लिहिताना खालच्या थरातले जुनेच वाक्य वर येई. आणि तिसरा एक थर होता, त्याची मला सर्वांत धास्ती वाटे: माझा स्वतःचा. इतकी वर्षे मी जे शिकवले ते त्यांच्याकडून घेतलेले, पण शिकवता शिकवता त्यात माझे शब्द मुरले होते. कोणते वाक्य कोणाचे ते सांगता येईना. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि त्यापुढे कोणी तीत आपल्या पदरची ओवी घालू नये असे बजावले. मूळ थराला त्यांनी कुलूप घातले. आम्ही ही गोष्ट वर्गात नेहमी सांगतो. पण एकनाथांसमोर निदान जुन्या प्रती तरी होत्या. माझ्यासमोर मीच होते.

पहिल्या दोन संभाषणांची मिळून चौदा पाने मी फेब्रुवारी २०२१ मध्ये टपालाने पाठवली. ती तीन आठवड्यांनी परत आली, समासात शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात भरलेली. दोन तारखा चुकल्या होत्या. एका ठिकाणी मी त्यांचे जुने मत लिहिले होते, तिथे 'हे १९९० पर्यंत' एवढेच लिहून खाली नवे मत दिले होते. पाठांतर आणि डोक्यातली जागा याविषयीचे ते वाक्य नवव्या पानावर होते. त्याच्या खाली रेघ मारलेली होती आणि समासात लिहिले होते: 'हे मी म्हटलेले नाही. पण राहू दे.'

मी उरलेल्या चार संभाषणांची पाने लिहीत असताना एप्रिल २०२१ मध्ये, साथीच्या दुसऱ्या लाटेत, सर गेले.

आता माझ्याकडे नवा लॅपटॉप आहे, बाहेरची डिस्क आहे, आणि फाइल दोन ठिकाणी ठेवल्याशिवाय मी झाकण मिटत नाही. जुन्या यंत्राला डिस्क बसवली नाही. ते अजून त्याच पेन ड्राइव्हवर चालते. त्यावर मी सूचना-ओळीत काहीही लिहीत नाही, निम्म्याचे निम्मेच राहू देते. आकड्याने घात केला नाही हे मला आता ठाऊक आहे. साठ लिहिले असते तर यंत्र त्या सकाळी तगले असते. पण दुसऱ्या कोणत्या तरी दिवशी वीज गेली असती, पेन ड्राइव्ह धक्क्याने निघाला असता, किंवा मीच कंटाळून बटण दाबले असते. कोणताही आकडा लिहिला तरी वरचा थर वरचाच असतो. जे ठेवायचे ते त्याच्यातून वेळेवर उचलून कुठे तरी खाली नेऊन ठेवावे लागते, आणि ते काम उद्यावर टाकले ते मी.

हे टिपण लिहिण्याला निमित्त आहे. सरांच्या संभाषणांचे छोटे पुस्तक करावे असे त्यांच्या काही विद्यार्थ्यांनी सुचवले आहे. मी संहिता तयार केली आहे. पहिल्या दोन संभाषणांत सरांच्या दुरुस्त्या तशाच छापल्या जाव्यात, नवव्या पानावरची नोंदही. आणि उरलेल्या चारांच्या आरंभी ही माझ्या आठवणीतून लिहिली आहेत, सरांनी पाहिलेली नाहीत, असे स्पष्ट म्हणावे, असा माझा आग्रह आहे. काहींना तो अनाठायी वाटतो. वाचकाला मुद्दा हवा असतो, पाठाचा इतिहास नको असतो, असे ते म्हणतात. असेलही. पण चौदा पानांचा समास पेन्सिलीने भरलेला आहे, आणि पुढच्या सत्तावीस पानांचा कोरा आहे, हे वाचकाला दिसले पाहिजे.